नायकाच्या अंगणातली तीज

४ ऑगस्ट १९६२, शनिवार

ही डायरी मला फेब्रुवारीतल्या निवडणुकीत प्रचाराच्या जीपमधून मिळाली. तांड्यातल्या बाकीच्यांना कागदी बिल्ले मिळाले, मला डायरी. कारण मी तांड्याचा नायक आणि वर चौथी पास. तेव्हापासून माझ्या बायकोने, मोतीबाईने, तिच्यात सुया खोचून ठेवल्या होत्या. आज त्या काढायला लावल्या. आजपासून माझ्या आयुष्यात लिहून ठेवण्यासारखं काहीतरी घडू लागलं आहे. आम्ही बंजारे घरात गोरबोलीत बोलतो, पण मोठी माणसं डायरी मराठीत लिहितात असं ऐकून आहे, म्हणून मराठीत.

झालं असं की गावच्या पाटलाने मला ओसरीवर बोलावलं, खुर्ची दिली आणि चहा कपबशीतून दिला. पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीची निवडणूक आहे. गाव आणि आमचा तांडा मिळून पंचायत एक, त्यात तांड्याची जागा एक. पाटील म्हणाला, "तांड्यात अक्कलवाला माणूस एकच आहे, देवीलाल, अन् तो तू. उभा राह्य. मी आहो तुह्या पाठीशी."

मला हे आधीपासून माहीत होतं, पण दुसऱ्याने सांगितलं की खात्री पटते. अर्ज भरला. छत्री हे चिन्ह मिळालं. घरी येऊन आरशात पाहिलं. पागोटं जरा उंच बांधलं तर सभासद म्हणून शोभेन.

७ ऑगस्ट, मंगळवार

भावसिंगही उभा राहिला आहे! त्याचं चिन्ह कंदील.

भावसिंग तांड्याचा कारभारी, म्हणजे नायकाच्या खालोखालचा. शिवाय मोतीबाईचा सख्खा भाऊ, म्हणजे माझा साळा. वीस वर्षं माझ्या डाव्या हाताला बसून माझ्या प्रत्येक निवाड्याला मान डोलावणारा माणूस. ती मान मधल्या काळात काय विचार करत होती, देव जाणे.

वरच्या ओळीतल्या घरांवर कंदील निघाले, खालच्या ओळीत छत्र्या. चूल पेटवायला वरचे लोक खालून विस्तव नेत नाहीत. आज मला राम राम घालायच्या आधी वरच्या ओळीतल्या फकिराने मागे वळून बघितलं, कोणी पाहतंय का म्हणून. मी मोतीबाईला म्हटलं, "तुह्या भावानं तांडा फोडला." ती म्हणाली, "एकट्यानं फोडला?" बायकांना राजकारण कळत नाही.

८ ऑगस्ट, बुधवार

मारेगावच्या बाजारात उकंडा भेटला. गावच्या बौद्ध वस्तीतला, माझा जुना दोस्त. छप्पन साली त्याच्या वस्तीने दीक्षा घेतली. त्यांच्यातही सध्या दोन झेंडे झाले आहेत, म्हणून मी अनुभवी माणसाचा सल्ला घ्यावा म्हटलं.

"आमच्यात बी भांडण आहे ना," उकंडा म्हणाला. "पण वंदनेले ओळ एकच. भांडण बाहेर चपलांपाशी ठेवतो. निघतानी ज्याचं त्याचं घेऊन जाते."

"अन् चपला बदलल्या तं?"

"तं दुसऱ्याचं भांडण घेऊन घरी जाते माणूस. मंग बायको विचारते, हे कुठून आणलं."

मी खूप हसलो. अशी गमतीची माणसं राजकारणात टिकत नाहीत.

१० ऑगस्ट, शुक्रवार

आज तांड्यातल्या कुवाऱ्या पोरी तीजेची परवानगी मागायला आल्या. दर श्रावणात राखीच्या दिवशी पोरी टोपल्यांत माती भरून गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, गाणी म्हणतात आणि मग नाल्यात शिरवतात, म्हणजे विसर्जन करतात. गहू चांगला उगवला तर तांड्याचं वर्ष चांगलं. पण नायकाने हो म्हटल्याशिवाय एक दाणा पेरायचा नाही, आणि टोपल्या नायकाच्याच अंगणात ठेवायच्या. बापजाद्यांपासून हेच चालत आलं.

यंदा अर्ध्याच पोरी आल्या. वरच्या ओळीतल्या भावसिंगकडे गेल्या. भावसिंग म्हणतो, त्याच्या अंगणात तीज झाली की तो वेगळा नायक. पोळा झाला की नाल्यापलीकडे घरं हलवणार. पूर्वी तांडे असेच फुटले, हे मलाही माहीत आहे. ज्याची तीज वेगळी त्याचा तांडा वेगळा.

माझी बिजली पुढे उभी होती. तिची ही शेवटची तीज, फाल्गुनात लग्न आहे. झरीकडच्या तांड्यात दिली आहे. ती म्हणाली, "बा, तांड्याची तीज पेरू का?"

हा प्रसंग मोठा होता, म्हणून मी भाषण केलं. तांड्याची इज्जत, आमच्या संत सेवाभायाची शिकवण, छत्रीचा उपयोग, सगळं आलं. शेवटी म्हणालो, "पेरा. तांड्याची तीज पेरा. जिथं चांगली उगवल तिथं पेरा. नायकाची परवानगी आहे." छत्रीच्या अंगणाखेरीज चांगली कुठे उगवणार, असा माझा मुद्दा होता.

"जिथं चांगली उगवल तिथं," बिजलीने परत म्हटलं. पोरीला माझं भाषण पाठ झालं, याचा अभिमान वाटला.

१३ ऑगस्ट, सोमवार

दिवसभर प्रचार. घरी आलो तर सगळीकडे खमंग वास. मोतीबाई तीजेचा गहू कढईत भाजत होती, बिजली परातीत पसरत होती. मी दोन मुठी खाल्ल्या. छान खुसखुशीत.

"पेरायचा गहू कायले भाजता?" मी विचारलं.

"पावसाळ्याची ओल लागली होती," मोतीबाई म्हणाली. मग बरोबर आहे. बाई काटकसरी आहे, दाणा वाया जाऊ देत नाही.

थोड्या वेळाने भावसिंगची पोरगी मानी आमची कढई मागायला आली. विरोधी पक्षाकडे कढईसुद्धा नाही. मी उदार मनाने दिली, आणि हे चार लोकांना सांगितलंही.

१५ ऑगस्ट, बुधवार

स्वातंत्र्यदिन आणि राखी एकाच दिवशी. गावच्या शाळेत झेंडावंदन झालं. मास्तरने मला दोन शब्द बोलायला सांगितलं. देशाच्या एकीवर मी इतकं बोललो की भावसिंग उठून गेला. त्याच्यामागे त्याची माणसं गेली. उरलेल्यांनी एकीसाठी टाळ्या वाजवल्या.

दुपारी मोतीबाई नारळ घेऊन निघाली. मारुतीला जाते म्हणाली. मारुती उजवीकडे आहे, ती डावीकडे वळली. परतली तेव्हा अंगावर नवी ओढणी होती. मारुती यंदा प्रसन्न दिसतो.

संध्याकाळी आमच्या अंगणात तीज पेरली. माचीवर टोपल्या मांडल्या, रात्रभर भिजवलेला गहू त्यात टाकला, पोरी गोल धरून गायल्या. वरच्या ओळीतूनही गाणं ऐकू येत होतं. आमच्या पोरींनी जोरात गावं म्हणून मी हातवारे केले. त्यांनी लक्ष दिलं नाही.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

पोरी पाणी आणायला जातात त्या लवकर येत नाहीत. विहीर कुठे सरकली आहे की काय? दोन्हीकडच्या पोरी एकाच वेळी जातात, पण पाण्यावरून भांडणाचा आवाज येत नाही. येताना कोपरापर्यंत हात मातीने भरलेले. बिजलीला विचारलं तर म्हणाली, "रामीयाडीचं अंगण सारवून दिलं." रामीबाई तांड्याच्या टोकाला राहते, सगळ्यांत म्हातारी, एकटी. तिच्याकडे एकच मत आहे, पण मत ते मत. मी बिजलीची पाठ थोपटली.

१९ ऑगस्ट, रविवार

आमच्या टोपल्यांत काहीच उगवलं नाही.

आजवर तिसऱ्या दिवशी कोंब दिसतात. मी पहाटे उठून पाहिलं, दुपारी पाहिलं, बोटाने माती उकरून पाहिलं. गहू फुगून बसला आहे. ही भावसिंगची करणी असणार. मी असं चार घरी बोललो. पाचव्या घरी कळलं की भावसिंगकडेही उगवलं नाही आणि तो माझं नाव घेतो आहे.

पहिल्यांदा खूप बरं वाटलं. जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मग हात धुताना हिशेब लागला. दोन्ही अंगणांत नाही, म्हणजे पूर्ण तांड्यात नाही.

२० ऑगस्ट, सोमवार

आज काही गंमत सुचत नाही.

पावसाने आठवडाभर दडी मारली आहे, कपाशी माना टाकते आहे. लोक बोलत नाहीत, पण माझ्या अंगणाकडे बघतात आणि पुढे जातात. मी त्यांच्या जागी असतो तर मीही बघितलं असतं.

तांड्याचं जाऊ दे. बिजलीची शेवटची तीज आहे. ज्या पोरीची शेवटची तीज उगवली नाही तिला सासरी काय काय ऐकावं लागतं, ते मी नायक म्हणून निवाडे करताना ऐकलेलं आहे. झरीकडच्या लोकांना कळलं तर? आणि ती तर रडतही नाही. नेमाने त्या न उगवलेल्या टोपल्यांना पाणी घालते, गाणं म्हणते, मला भाकर वाढते. मी म्हटलं, "बाई, जीवाला लावून घेऊ नको." तर मलाच म्हणाली, "बा, तू झोप."

मला भीती वाटते आहे. हे मी इथे लिहितो, कारण मोतीबाईला वाचता येत नाही. पण तिला वाचता आलं असतं तर तोंडाने सांगावं लागलं नसतं.

२१ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी उठलो आणि पागोटं न बांधताच वरच्या ओळीकडे निघालो. वाटेत पिंपळापाशी समोरून भावसिंग येत होता. त्याच्याही डोक्यावर पागोटं नव्हतं.

"कुठं, कारभारी?" मी विचारलं.

"कुठं नाही. तुमी?"

"मीबी कुठं नाही."

दोघेही कुठे नाही जायला निघालेले, तिथेच उभे राहिलो. शेवटी त्याने विचारलं, "तुमच्याकडं उगवलं?"

"नाही. तुह्याकडं?"

"नाही. मानी रडतबी नाही, नायक. त्याचंच भेव वाटून राह्यलं मले."

मग मी म्हटलं, तू उभा राहिलास म्हणून हे झालं. तो म्हणाला, तुमी उभे राह्यले म्हणून. मी म्हटलं, मला तर पाटलाने उभं केलं. तो म्हणाला, "मलेबी पाटलानंच. म्हणे, तांड्यात अक्कलवाला माणूस एकच आहे..."

"अन् तो तू," मी पुरं केलं. "चहा कपबशीतून?"

"कपबशीतून."

आम्ही पिंपळाखाली बसलो. तांड्यातली दोन अक्कलवाली माणसं. कोणीही निवडून आला तरी पाटलाचाच, एवढं समजायला आम्हाला सतरा दिवस आणि दोन कप चहा लागला. मग भावसिंगच म्हणाला, "रामीयाडीले विचारू. तिच्याएवढ्या तीजा कोणी पाह्यल्या नाहीत."

रामीबाईने आम्हाला दारातूनच परत पाठवलं. "उद्या या. दोघं संगं या. अन् डोक्यावर पागोटं बांधून या, नायक-कारभारी हा ना तुमी?"

२२ ऑगस्ट, बुधवार

गेलो. पुढे कोण चालणार यावरून थोडी कुरबुर झाली. वाट अरुंद होती तिथे मी पुढे, रुंद झाली तिथे बरोबर, असं ठरलं.

रामीबाईच्या आतल्या खोलीत अंधार होता. तिने काठीने झाप ढकललं. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत टोपल्या. तांड्यातल्या एकूण एक पोरीची टोपली, वरच्या ओळीची आणि खालच्या ओळीची, काठाला काठ लावून. आणि गहू वीतभर वाढलेला, अंधारातला, पिवळाधमक, दाट. पोरी भिंतीला टेकून उभ्या होत्या. बिजली आणि मानी एकमेकींचा हात धरून.

भावसिंग धपकन खाली बसला आणि त्याने जमिनीला डोकं टेकलं. मीही टेकलं. "सेवाभायाचा चमत्कार!" मी म्हणालो.

"चमत्कार गिमत्कार काही नाही," रामीबाई म्हणाली. "पोरींनं पेरलं, पोरींनं पाणी घातलं."

"नायकाच्या परवानगीबिगर?" भावसिंग एकदम नायकाच्या बाजूने बोलला. सवय जात नाही.

बिजली म्हणाली, "बानं परवानगी देली ना मामा. जिथं चांगली उगवल तिथं पेरा म्हणे. तुमच्या अंगणात काय उगवणार होतं? तिथं तं छत्री अन् कंदील उगवून राह्यले."

"अन् आमी बाहेर इतके दिवस पूजलं ते?" मी विचारलं.

"त्या टोपल्या होत्या, बा. तीज तांड्याची असते. ती एकच राह्यते."

मला रागवायचं होतं. मी नायक आहे, माझ्या अंगणाचा अपमान झाला होता. पण त्या पिवळ्या गव्हाकडे बघितलं आणि हात पुढे करून एक पातं चाचपलं. माझ्या पोरीची तीज उगवली होती. मला एवढंच कळलं, आणि ते पुरेसं होतं.

मात्र आमच्या अंगणात एक कोंबसुद्धा का फुटला नाही, हे कोणी सांगेना. मोतीबाईला विचारलं तर तिला त्याच वेळी म्हैस बांधायची होती.

२३ ऑगस्ट, गुरुवार

आज तीज शिरवली. रामीबाईच्या दारातून निघाली, तांडा झाडून सगळा मागे. मधल्या चौकात थांबून पोरी नायकाच्या आणि कारभाऱ्याच्या पागोट्यात गव्हाचा तुरा खोवतात. पहिला मान नायकाचा. मी उंच बांधलेलं पागोटं वाकवून उभा राहिलो.

बिजली तुरा घेऊन आली आणि माझ्यासमोरून सरळ पुढे गेली. तिने तो भावसिंगच्या पागोट्यात खोवला. माझा चेहरा कसा झाला असेल ते मी लिहीत नाही. तेवढ्यात मानी माझ्यासमोर आली. तिच्या बापाने पंधरवडाभर मला शिव्या दिलेल्या, आणि पोरगी टाचा उंचावून माझ्या पागोट्यात तुरा नीट बसवत होती. "फुफा, हलू नका," म्हणाली. मी हललो नाही.

नाल्याला घोटाभरच पाणी होतं. टोपल्या सोडताना पोरी रडतात, दरवर्षी रडतात. बिजली आज रडली. एवढे दिवस न रडलेली पोरगी मानीच्या गळ्यात पडून अशी रडली की मोतीबाईने तोंडाला पदर लावला. पुढच्या वर्षी ती या नाल्यावर नसेल. मी डोळ्यांत धूर गेला असं सांगितलं. आसपास चूल नव्हती. भावसिंग म्हणाला, "माह्याबी डोयात गेला."

परतताना आम्ही ठरवलं: अर्ज मागे घ्यायची मुदत गेली आहे, तेव्हा निवडणूक लढू. छत्री छत्रीच्या जागी, कंदील कंदिलाच्या. नाल्यापलीकडे कोणी घर बांधणार नाही.

२३ सप्टेंबर, रविवार

हरलो. थोडक्यात हरलो, म्हणून जास्त लागलं.

मोतीबाईला विचारलं, "तुवं मत कोणाले?" ती म्हणाली, "तुमी नायक हा. अजून किती पायजे?" यातून जे समजायचं ते मी समजलो. राखीच्या दिवशीचा मारुतीही आता समजला.

पाटलाने गुलाल आणि हार तयार ठेवला होता म्हणे. पण भावसिंग त्याच्या ओसरीवर गेला नाही. वाजतगाजत आधी आमच्या अंगणात आला, माझ्या पाया पडला आणि जुन्या सवयीने माझ्या डाव्या हाताला बसला. मी त्याला गुलाल लावला. जरा जास्तच लावला, डोळ्यांतही गेला असेल.

बिजलीने दोघांच्या मध्ये एक वाटी आणून ठेवली. भाजलेले गहू आणि गूळ. आम्ही एकेक मूठ तोंडात टाकली. छान खुसखुशीत. दोनदा चावलं आणि माझी जीभ थांबली. भावसिंगही चावायचा थांबला होता. हीच चव त्याच्या घरीही त्याने परातीतून चाखली असणार. भाजलेला दाणा कुठे उगवतो का! त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग दोघांनी बिजलीकडे पाहिलं. ती आमच्याकडे पाहत नव्हती, मोतीबाईबरोबर ओसरीत फाल्गुनातल्या लग्नाचं धान्य निवडत होती.

तांड्यातल्या दोन अक्कलवाल्या माणसांनी वाटी रिकामी केली. शेवटी मीच म्हणालो, "अजून दे, बाई."

पुढच्या श्रावणात परवानगी मागायला पोरी येतील तेव्हा पुढे बिजली नसेल, दुसरी कोणी असेल. मी परवानगी देईन. भाषण करणार नाही.